बारा डॉलरचा बार

एप्रिलच्या तोंडावर अमेरिकेतल्या शिकारी सामानाच्या दुकानांत टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीच्या काडतुसांचा कप्पा वेगळा मांडलेला असतो. एका फळीवर शिशाच्या छर्ऱ्यांची १० काडतुसांची पेटी, साधारण २० ते ३० डॉलर. तिच्या शेजारी टंगस्टनच्या छर्ऱ्यांची ५ काडतुसांची पेटी, ५० ते ७५ डॉलर. एक बार, म्हणजे बंदुकीची एक फैर, अडीच डॉलरचा आणि दुसरा बारा-पंधरा डॉलरचा. पक्षी तोच, रान तेच, बहुतेकदा बंदूकही तीच. मग एवढ्या फरकात हाती काय येतं, हा वाद दर वसंतात नव्याने रंगतो आणि बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने सुरू होतो.

चुकीचं टोक म्हणजे किंमत. बदकांच्या किंवा होल्यांच्या शिकारीत एका सकाळी पेटीभर काडतुसं संपतात. टर्कीचं तसं नाही. बहुतेक राज्यांत वसंताच्या हंगामात एका शिकाऱ्याला एक ते तीन नर मारायची मुभा असते, म्हणजे नेम बरा असेल तर अख्ख्या हंगामात दोन-तीन बार. महाग काडतुसाचा वर्षाचा जादा भार वीस-तीस डॉलरच्या पुढे जात नाही. परराज्यातून येणाऱ्याला अनेक ठिकाणी नुसत्या परवान्याचे शंभराहून जास्त डॉलर पडतात; पेट्रोल, मोटेल, बूट, अंगभर हिरवे-तपकिरी कपडे हे सगळं वेगळंच. त्या यादीत काडतूस हा सर्वांत किरकोळ खर्च. त्यामुळे ‘परवडत नाही’ हे कारण फारसं टिकत नाही. तरीही पुष्कळांनी हे काडतूस घेऊ नये असं माझं मत आहे, आणि त्यामागची कारणं पैशापलीकडची आहेत.

आधी पक्षी समजून घेऊ. पूर्ण वाढलेला नर ७ ते ११ किलोचा असतो. छातीवर जाड स्नायू, त्यावर एकावर एक बसलेली टणक पिसं, दोन्ही बाजूंना मिटलेले पंख. या चिलखतावर छर्रे मारले तर पक्षी जखमी होतो, उडतो किंवा पळतो आणि झाडीत कुठेतरी जाऊन मरतो. म्हणून टर्कीवर बार टाकायचा तो डोकं आणि मान यांच्यावरच. मेंदू अक्रोडाएवढा, आणि त्याखाली मानेच्या मणक्यांची बोटभर रुंदीची उभी रेघ. यांपैकी काही छर्ऱ्यांनी भेदलं तर पक्षी जागच्या जागी कोसळतो. नेम धरायची जागा म्हणजे पिसं संपून उघडी कातडी सुरू होते तिच्या थोडं वर. पिसारा फुलवून मिरवणाऱ्या नराची मान आखडलेली असते, म्हणून त्याने मान उंचावेपर्यंत थांबायचं. मादीच्या आवाजाची एखादी तुटक हाळी दिली की तो हमखास डोकं वर काढतो.

एवढ्या बारीक निशाणासाठी दोनच गोष्टी लागतात. त्या जागेत पुष्कळ छर्रे पडले पाहिजेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाला हाड फोडून आत जाण्याइतका जोर उरला पाहिजे. शिशाच्या बाबतीत या दोन गोष्टींची कायमची ओढाताण आहे. छर्रा मोठा घेतला की आत शिरतो, पण काडतुसात कमी मावतात. बारीक घेतला की भरपूर मावतात, पण लांबवर त्यांच्यातला जोर संपतो. म्हणून शिशात ४, ५ आणि ६ हे तीनच नंबर टर्कीसाठी रुळले. छर्ऱ्याचा व्यास काढायची एक सोपी युक्ती आहे: १७ मधून नंबर वजा करा, उरेल तितके इंचाचे शतांश. ५ नंबर म्हणजे ०.१२ इंच, सुमारे ३ मिलिमीटर. ९ नंबर म्हणजे ०.०८ इंच, सुमारे २ मिलिमीटर.

टंगस्टन ही ओढाताण मोडून काढतं. शिशाच्या छर्ऱ्याची घनता दर घन सेंटीमीटरला ११ ग्रॅमच्या आसपास, पोलादाची ७.८, बिस्मथ या धातूची ९.६ ते ९.८, आणि ‘टंगस्टन सुपर शॉट’ नावाने ज्याची टीएसएस ही आद्याक्षरं प्रसिद्ध झाली त्याची १८. हवेत वेग टिकवणं आणि आत शिरणं हे दोन्ही ढोबळमानाने घनता गुणिले व्यास या आकड्यावर ठरतं. शिशाच्या ५ नंबरचा हा गुणाकार १.३३ येतो, ४ नंबरचा १.४४. टंगस्टनच्या ९ नंबरचा? तोही १.४४. एरवी थाळीनेमबाजीत मातीच्या चकत्या फोडायला वापरतात तेवढ्या बारीक छर्ऱ्यात शिशाच्या ४ नंबरचा भेदकपणा येऊन बसतो. शिवाय टंगस्टन कठीण असल्यामुळे नळीतून जाताना चेपत नाही. मऊ शिशाचे छर्रे एकमेकांवर दबून वेडेवाकडे होतात आणि बाहेर पडल्यावर भलतीकडे भरकटतात. भोक मात्र लहान पडतं, ५ नंबरच्या तुलनेत क्षेत्रफळाने निम्म्याहून कमी. कवटी आणि मणके यांच्यासाठी तेवढं पुरतं.

आता मोजदाद. एका औंसात, म्हणजे २८ ग्रॅममध्ये, शिशाचे ५ नंबरचे छर्रे सुमारे १७० बसतात. टंगस्टनचे ९ नंबरचे ३६०. बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) ३ इंची काडतुसात पावणेदोन औंस भरलं तर शिशाचे ३०० आणि टंगस्टनचे ६३०. दुपटीहून जास्त छर्रे, आणि प्रत्येकाची भेदकता तितकीच किंवा जास्त. इथे मखलाशी काही नाही, निव्वळ अंकगणित आहे. जाहिरातींत टंगस्टनबद्दल जे लिहितात त्यातला हा भाग शंभर टक्के खरा आहे.

महाग का, याचंही उत्तर धातूतच आहे. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ साली पेटंट घेतलेल्या पद्धतीने ते चाळणीतून उंचावरून पाण्यात सोडलं की पडता पडता थेंब गोल होतात आणि छर्रे तयार. टंगस्टनचा वितळबिंदू ३४२२ अंश. त्याला असं ओतता येत नाही. त्याची भुकटी निकेल आणि लोहाच्या भुकटीत मिसळून, साच्यात दाबून, भट्टीत भाजून एकसंध करावी लागते. त्यात जगातल्या टंगस्टनपैकी सुमारे ८० टक्के उत्पादन एकट्या चीनमधलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने टंगस्टन आणि बिस्मथ या दोन्हींच्या निर्यातीवर नियंत्रणं आणली. तेव्हा ही काडतुसं लवकर स्वस्त होतील या आशेवर कोणी थांबू नये. किमतीतला एक वाटा सरकारी आहे: १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक राज्यांतून नाहीसा झालेला हा पक्षी जाळ्यांत पकडून नव्या रानांत सोडायच्या कामाला याच पैशाचा मोठा हातभार लागला. दहा-बारा डॉलर मोजताना तेवढं समाधान मानायला हरकत नाही.

तर मग घ्यावंच की! पण कोणत्या बंदुकीसाठी, हे आधी विचारायला हवं.

टंगस्टनचा खरा चमत्कार बारा बोअरमध्ये दिसत नाही. तो लहान नळ्यांत दिसतो. बोअरचा आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद, आणि ४१० ही त्यांतली सर्वांत बारीक. तिचा आकडा मात्र बोअरचा नसून थेट व्यासाचा आहे, ०.४१० इंच. शिशाच्या जमान्यात ४१० घेऊन टर्कीमागे जाणारा एक तर फार जवळ जाऊ शकणारा पट्टीचा शिकारी असायचा किंवा बेजबाबदार. ४१० च्या ३ इंची काडतुसात टंगस्टनचा तेरा-सोळांश औंस, म्हणजे २३ ग्रॅमचा भरणा येतो. ९ नंबरचे छर्रे किती होतात? जवळजवळ २९०. वर पाहिलंच, की बारा बोअरच्या पावणेदोन औंस शिशात ५ नंबरचे ३०० बसतात. मुलांच्या हातात शोभणारी हलकीफुलकी बंदूक आणि खांदा निखळवणारी बारा बोअर, छर्ऱ्यांच्या संख्येत जवळजवळ बरोबरीत! माणसांच्या भाषेत सांगायचं तर बारा वर्षांची मुलगी, खांद्याचं ऑपरेशन झालेले सत्तरीचे गृहस्थ, किंवा दिवसभर डोंगर चढून बंदूक वाहणारा कोणीही, यांना पंधरा डॉलरचं काडतूस एक नवीच शक्यता उघडून देतं. २० आणि २८ बोअरचंही तेच. इथे पैसे पुरेपूर वसूल होतात, आणि याबद्दल माझ्या मनात कसलीच शंका नाही.

धक्क्याकडे लोक काणाडोळा करतात, कारण पक्षी समोर असताना तो जाणवत नाही. तो जाणवतो सरावाच्या वेळी. बारा बोअरचं साडेतीन इंची, दोन औंसांहून जड भरण्याचं काडतूस हलक्या बंदुकीतून उडवलं तर मोठ्या जनावरांसाठी बनवलेल्या ३७५ रायफलीइतका किंवा त्याहून जास्त धक्का बसतो. असे तीन बार झाले की माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला आणि खांदा पुढे ढकलायला लागतो. ही खोड एकदा लागली की हंगामभर जात नाही. साडेतीन इंची काडतूस शिशाच्या काळात ओंजळभर जादा छर्रे भरता यावेत म्हणून टर्कीवाल्यांनी जवळ केलं. टंगस्टन हाती आल्यावर टर्कीसाठी त्याची गरज मला तरी दिसत नाही.

बारा बोअर आणि ४० यार्डांच्या आतला पक्षी, ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ४० यार्ड म्हणजे साधारण ३७ मीटर. मधल्या काळात शिसंही सुधारलं आहे. तांब्याचा मुलामा दिलेले कठीण छर्रे, त्यांच्या फटींत प्लास्टिकची भुकटी, आणि अलीकडे विंचेस्टरच्या ‘लाँग बिअर्ड एक्सआर’मध्ये असते तशी राळ. ही राळ काडतुसातच छर्ऱ्यांभोवती घट्ट बसलेली असते, बार उडताच तिचा चुरा होतो आणि तोच चुरा छर्ऱ्यांना चेपण्यापासून वाचवतो. असं अडीच डॉलरचं काडतूस बऱ्या चोकमधून, म्हणजे नळीच्या टोकाच्या आवळलेल्या तोंडातून, ४० यार्डांवर २५ सेंटीमीटरच्या वर्तुळात शंभराहून जास्त छर्रे सहज पाडू शकतं. तितकं झालं की पक्षी मेला. टंगस्टनने तिथे दोनशे पाडले म्हणून तो दुप्पट मरत नाही.

मग बारा बोअरवाला टंगस्टनचे पैसे कशासाठी मोजतो? प्रामाणिक उत्तर आहे अंतरासाठी. ५० यार्ड, ६० यार्ड, आणि पडद्यावर दिसणारे त्याहून लांबचे बार. कागदावर ही काडतुसं ६० यार्डांनाही शंभराचा आकडा गाठतात, हे खरं आहे. पण कागद हलत नाही. रानात मध्ये डहाळ्या असतात, पक्षी डोकं सतत पुढेमागे करत चालतो, आणि अंतराचा अंदाज सपाट मोकळ्या शेतात एक, दाट ओक-पाइनच्या सावलीत दुसराच येतो. ६० यार्ड म्हणून टाकलेला बार प्रत्यक्षात ७५ यार्डांचा निघाला तर फैलाव इतका पसरलेला असतो की दोन छर्रे मानेत, चार छातीत आणि बाकी हवेत. पक्षी उडून जातो, शिकारी ‘हुकला’ म्हणतो, आणि कोल्ह्याचं पोट भरतं. हुकलेला आणि जखमी झालेला पक्षी लांबून सारखाच दिसतो. टर्कीच्या शिकारीची सगळी गंमत हाळी देऊन पक्ष्याला जवळ आणण्यात आहे. तो ३० यार्डांत आला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. ज्याच्या खिशात ‘६० यार्डांचं’ काडतूस आहे त्याचा धीर ६० यार्डांवरच सुटतो. आणि सध्या पक्षीही पूर्वीइतके राहिलेले नाहीत. आग्नेय अमेरिकेतल्या काही राज्यांनी हंगाम उशिरा सुरू करून मुभा कमी केली आहे. टेनेसीने २०२३ पासून सुरुवात एप्रिलच्या मध्यावर ढकलली आणि मर्यादा दोनवर आणली. अशा वेळी झाडीत वाया जाणारा एक पक्षीसुद्धा जास्तच.

माझ्या दृष्टीने महाग काडतुसाचा सर्वांत मोठा तोटा वेगळाच आहे. ते कागदावर उडवायला हात धजत नाही. बारा डॉलरचं काडतूस तपासणीसाठी जाळायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, म्हणून लोक पेटी विकत घेतात, डबीवरचं चित्र पाहतात आणि थेट रानात जातात. अडीच डॉलरची सहा काडतुसं उडवून बंदूक नीट ओळखणारा माणूस अशा माणसापेक्षा चार पावलं पुढे असतो. कारण कोणती बंदूक, कोणता चोक आणि कोणतं काडतूस यांचं जमतं, हे डबीवर लिहिलेलं नसतं. एकाच कारखान्याच्या, एकाच मापाच्या दोन बंदुकांनाही वेगवेगळी काडतुसं मानवतात.

तपासणी करायची ती अशी. सुमारे ३ फूट बाय ३ फुटांचा कागद घ्या. पाकीट बांधायचा तपकिरी कागद उत्तम. मध्यभागी जाड पेनाने एक ठिपका. बाकावर बसून, नळीखाली वाळूची पिशवी, डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. पहिले दोन-तीन बार टर्कीच्या काडतुसाचे नाहीतच. थाळीनेमबाजीचं सर्वांत स्वस्त, एक औंसाचं काडतूस १५-२० यार्डांवरून उडवा आणि फैलावाचा मध्य ठिपक्यावर पडतो का ते पाहा. शॉटगन, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक, नाकासमोर मारते ही समजूत सोडून द्या. घट्ट चोक लावल्यावर ४० यार्डांवर फैलावाचा मध्य वीत-दीड वीत बाजूला सरकलेला आढळतो, आणि २५ सेंटीमीटरच्या निशाणासाठी वीतभर म्हणजे सगळंच. नळीवर रेड डॉट, म्हणजे नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच, किंवा नेम जुळवायला फिरवता येणारं साइट असेल तर ते इथेच जुळवून घ्यायचं. नळीच्या टोकावर नेमासाठी नुसता मणी असेल तर किती वर-खाली धरायचं ते पक्कं करायचं.

मग खरं काडतूस, ४० यार्डांवरून, कोऱ्या कागदावर एकच. वर्तुळ आधी काढून ठेवू नका. बार झाल्यावर जिथे छिद्रं सर्वांत दाट आहेत तिथे १० इंची वर्तुळ काढा आणि मोजा. मोजलेलं छिद्र पेनाने खोडत गेलं तर दोनदा मोजलं जात नाही. नंतर तसंच वर्तुळ मूळ ठिपक्याभोवती काढून पुन्हा मोजा. पहिल्या आकड्यावरून काडतूस आणि चोकची जोडी कळते, दुसऱ्यावरून तुमची बंदूक कुठे मारते ते. पहिला १४० आणि दुसरा ६० आला, तर काडतुसाला दोष देऊन त्याहून महाग पेटी आणणं निरर्थक आहे, साइट फिरवा. दोन्ही कमी आले तर चोक बदलून पाहा. सर्वमान्य किमान आकडा शंभर. पण नुसत्या बेरजेवर जाऊ नका. वर्तुळाच्या मध्यात पोकळी आणि कडेला गर्दी असेल, तर चोक छर्ऱ्यांना गरजेपेक्षा जास्त आवळतो आहे. बारा बोअरची मूळ नळी ०.७२९ इंच, साधा फुल चोक ०.६९५ च्या आसपास, टर्कीचे खास चोक ०.६६० पर्यंत उतरतात. सर्वांत घट्ट तो सर्वांत चांगला, हे खरं नाही. टंगस्टनच्या काही काडतुसांतलं वॅड, म्हणजे छर्रे धरून ठेवणारा प्लास्टिकचा पेला, मुद्दाम छर्ऱ्यांबरोबर जास्त अंतर जातं. फार घट्ट चोक त्याच्या कामात ढवळाढवळ करतो.

४० नंतर २५ आणि १५ यार्डांवरूनही एकेक. हे कोणी करत नाही, आणि टर्की सर्वांत जास्त इथेच हुकतात. टंगस्टन आणि घट्ट चोक या जोडीचा फैलाव १५ यार्डांवर जेमतेम १०-१२ सेंटीमीटरचा असतो. तो जवळजवळ एकसंध गोळीसारखा जातो. पक्ष्याने मान वळवली की संपलं. लांबच्या बारासाठी घेतलेलं काडतूस जवळच्या पक्ष्याला वाचवतं, असा हा उफराटा न्याय. त्यात बसल्या जागी, मांडीवर कोपर टेकून नेम धरताना उत्सुकतेपोटी गाल दस्त्यावरून उचलला जातो. गाल उचलला की डोळा वर जातो, डोळा वर गेला की बारही वर जातो. हुकलेल्या टर्कींमागे काडतुसापेक्षा या उचललेल्या गालाचा हात मोठा आहे. रेड डॉट लावणं हा त्यावरचा चांगला उपाय आहे, कारण ठिपका दिसला नाही तर डोकं चुकीच्या जागी आहे हे लगेच कळतं. शंभर-दीडशे डॉलरचा रेड डॉट आणि शिशाची पेटी, की साधा मणी आणि टंगस्टनची पेटी, असं निवडायची वेळ आली तर मी पहिल्या जोडीवर पैसे लावीन.

शिशाच्या विषारीपणाचा प्रश्न निराळा, आणि काही ठिकाणी तो निवडीचा राहिलेलाच नाही. पाणपक्ष्यांसाठी अमेरिकेत १९९१ पासून देशभर शिशाला बंदी आहे, पण टर्कीला ती लागू नाही. कॅलिफोर्नियात मात्र १ जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्यप्राण्याच्या शिकारीत शिसं चालत नाही, टर्कीसकट. तिथे पर्याय तीन: पोलाद, बिस्मथ, टंगस्टन. पोलाद हलकं असल्यामुळे टर्कीवर जवळच ठेवावं लागतं. बिस्मथ मधलं, किंमतही मधली, पण ठिसूळ, आणि शिशाहून हलकं म्हणून एक नंबर मोठा छर्रा घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या माणसाने टंगस्टन घेतलं तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. स्वयंपाकघरातली एक सूचना: टंगस्टनचा छर्रा शिशासारखा दाताखाली दबत नाही, दातच तुटतो. नेम मानेवर होता म्हणून निर्धास्त राहू नका. छातीच्या वरच्या टोकाला हटकून एखाद-दुसरा सापडतो. मांस कापताना निळसर डाग किंवा आत ओढलं गेलेलं पीस दिसलं की तिथे चिमट्याने शोधायचं.

बंदुकीच्या तब्येतीबद्दलही थोडं. टंगस्टन नळीच्या पोलादाहून कठीण असतं. कारखान्याच्या काडतुसात जाड वॅड छर्ऱ्यांना नळीला शिवू देत नाही, म्हणून आधुनिक बंदुकीला धोका नाही. आजोबांच्या काळातल्या, कायमचा चोक असलेल्या पातळ नळीत मात्र हे घालू नये. घरी काडतुसं भरणाऱ्यांनी टंगस्टनचे सुटे छर्रे शिशाच्या कृतीने, शिशाच्या वॅडमध्ये भरले तर नळीला चरे पडतात, आणि दाबाचं गणित चुकलं तर त्याहून वाईट घडतं. ३ इंची चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसायच्या जागेत, साडेतीन इंची काडतूस कधीकधी बसतं, पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक चढतो. आणि २० बोअरची पिवळी काडतुसं बारा बोअरच्या खिशात कधीही मिसळू नयेत. पिवळं काडतूस बारा बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकतं, नळी रिकामी वाटते, मागून दुसरं भरलं जातं आणि नळी फुटते. टंगस्टनमुळे घरोघरी दोन-दोन बोअर झाल्यापासून या चुकीला वाव वाढला आहे.

कायद्याच्या बाबतीत आपल्या वाचकांसाठी दोन गोष्टी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे शिकारीशी पहिली ओळख पुष्कळ मराठी माणसांची अमेरिकेतच होते. ग्रीन कार्ड असेल तर केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर मात्र बंदूकच काय, काडतूस बाळगणंही एरवी गुन्हा आहे. कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद. म्हणजे क्रम असा: आधी शिकारी सुरक्षेचा वर्ग, मग परवाना, मग काडतूस. राज्याच्या नियमपुस्तिकेत कोणते बोअर आणि किती नंबरपर्यंतचे छर्रे चालतात ते पाहिल्याशिवाय ४१० विकत घेऊ नये, कारण सगळीकडे ती चालत नाही.

पाचच्या पेटीचा हिशेब मी असा मांडतो: साइट स्वस्त काडतुसांवर आधीच जुळवलेलं असेल तर टंगस्टनची दोन कागदावर, दोन हंगामासाठी, एक राखीव. पुढच्या वर्षी त्याच छापाची, त्याच नंबरची पेटी घेतली तरी एक काडतूस पुन्हा कागदावर खर्च करायचं, कारण चोक बदललेला असतो, किंवा साइट गाडीत आपटलेलं असतं. राहिलेली काडतुसं कोरड्या डब्यात, कुलपात. तोंड सैल झालेलं, भुकटी गळणारं किंवा पितळेवर हिरवट थर आलेलं काडतूस रानात न्यायचं नाही. आणि हंगाम संपल्यावर जाकीट, पाठपिशवी, कंबरपट्टा यांचे सगळे खिसे उलटे करून पाहायचे. तीच पाठपिशवी घेऊन डिसेंबरात मुंबईला आलात आणि परतताना विमानतळाच्या तपासणीत कोपऱ्यातून एक काडतूस निघालं, तर शस्त्र कायदा १९५९ खाली विनापरवाना दारूगोळा बाळगल्याची चौकशी सुरू होते आणि विमान तुमच्याशिवाय जातं. ते काडतूस शिशाचं आहे की टंगस्टनचं, हे तिथे कोणी विचारत नाही.